भाडेकरूचं ताट

"भाडेकरूसाठी कोण ताट झाकून ठेवतं गं?"

वनजाचं वाचन थांबलं. वर पंखा कुरकुरत होता, गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारून मारून घामाघूम होत होतं, आणि गोदावरीबाई खुर्चीत पाय वर घेऊन, डोळे मिटून उत्तराची वाट बघत होत्या.

"तसं लिहिलंय, आत्याबाई."

"लिहिलंय ते ऐकलं मी. भाडेकरू रात्री वेळेवर आला नाही, म्हणून शारदम्मानं त्याचं ताट झाकलं. वर पाण्याचा तांब्या ठेवला, मांजरानं ढकलू नये म्हणून. आपण इतकी वर्षं वरची खोली भाड्यानं दिली. एकाला तरी कधी ताट वाढलं?"

"शारदम्मा चांगली बाई असेल."

"चांगली बाई, तर मागच्या दाराला आतून कडी का लावली? उशिरा येतो म्हणून चिडून? भाडेकरू उशिरा आला तर आपलं काय जातं? भाडं तर तेवढंच."

"अय्यो, आत्याबाई, कादंबरी आहे ती. सुम्ने ऐका की."

सुम्ने म्हणजे उगाच, काही न विचारता, गप. म्हैसूरच्या मराठी घरांत हा कन्नड शब्द मिठासारखा लागतो. पण गोदावरीबाई सुम्ने ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले होते. कानाला हेडफोन, हातात वायर, आणि वायरीच्या दोन्ही टोकांना माणसं: कोणी रडणारं, कोणी भाव ठरवणारं, कोणी बायकोला थापा मारणारं. ऐकायचं नाही असा नियम होता. सगळ्याजणी ऐकायच्या. नियम करणाऱ्यांनाही ते माहीत होतं.

आता साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. माणूस दिसायचा, बस दिसायची, बसची पाटी दिसायची नाही. पुस्तक तर नुसतं मुंग्यांचं वारूळ. म्हणून दुपारी जेवणं झाली की सून वाचायची आणि सासू ऐकायची. ह्या वाचनात एक गंमत होती. पुस्तक कन्नड, आणि वनजा वाचायची मराठीत. आपले पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते, म्हणून ही घरं मिशीला पीळ देतात. पण देवनागरीतलं पान पुढं धरलं तर निम्म्यांची बोबडी वळते. बोलायला मराठी, वाचायला कन्नड, आणि फुशारकी मारायला दोन्ही. वनजा कन्नड ओळीवरून डोळा फिरवायची आणि तोंडातून घरातलं मराठी काढायची. गोदावरीबाईंना कन्नड अर्थातच येत होतं. पण पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "खून आपल्या भाषेत ऐकायला बरा वाटतो." तेव्हापासून तीच पद्धत पडली.

खून मात्र चालतील ते परक्यांचे, असं गोदावरीबाईंच्या थोरल्यानं, जगन्नाथरावानं, बायकोला बजावून ठेवलं होतं. बँकेतला दरोडा चालेल, जमीनदाराला विष चालेल. आई आणि मुलगा नको. कारण ह्या घरातला धाकटा मुलगा मेला होता.

सयाजीराव. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात होता. रात्रपाळी करून सकाळी घरी आला, दोन डोसे खाल्ले, झोपला. त्याच दिवशी पिरियापट्टणला गोदावरीबाईंच्या भाचीचा साखरपुडा होता. आत्याची साडी मुहूर्ताआधी मुलीच्या अंगावर पडली पाहिजे, ही ह्या लोकांची रीत. नाही पडली तर म्हातारे तोंडं फुगवून बसतात, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ती साडी निघते. शिंप्यानं ब्लाऊज ऐनवेळी दिला. बसनं साडी वेळेत पोचणार नव्हती. गोदावरीबाईंनी आधी जगन्नाथरावाला विचारलं. तो म्हणाला, ऑफिस आहे. मग त्यांनी सयाजीला उठवलं. तो उठत नव्हता. त्यांनी पांघरूण ओढलं, कपाळावर ओला हात ठेवला, "ऊठ रे राजा, जाऊन येऊन झोप," म्हणाल्या. हुणसूरच्या पुढं तंबाखूच्या गासड्या भरलेली लॉरी रस्त्याकडेला उभी होती. भर उन्हात, सरळ रस्त्यावर, त्याची मोटरसायकल मागून तिच्यात शिरली. ब्रेक मारल्याची खूणही रस्त्यावर नव्हती. झोप लागली होती त्याला. पोलिसांनी साडी परत आणून दिली, तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.

तेव्हापासून घरात सयाजीचं नाव नाही. फोटो कपाटात. त्याची बुलेट विकली ती गोदावरीबाई दवाखान्यात असताना. कोणी पाहुणा आला की जगन्नाथराव त्याला फाटकातच गाठायचा: "आईसमोर विषय काढू नका. बीपी आहे." पाहुणे आत येऊन उन्हाळ्यावर बोलायचे. असली माणसं स्वतःला समजूतदार म्हणवतात. समोर बाई जळतेय आणि हे म्हणतात, यंदा ऊन फार. गोदावरीबाईंना साधी गोष्ट हवी होती: ह्या घरात कोणीतरी त्या दिवसाबद्दल सरळ बोलावं. शिव्या घातल्या तरी चालेल. तू उठवलंस म्हणून गेला, असं तोंडावर म्हणावं. पण ते कोणी म्हणत नव्हतं, आणि त्यांना स्वतःला सुरुवात जमत नव्हती. म्हणून त्या खुनाच्या कादंबऱ्या ऐकायच्या. तिथं निदान कोणी मेलं की विचारतात, का मेलं, कोण होतं जवळ, त्या दिवशी काय काय झालं.

ही कादंबरी लायब्ररीतून आलेली. बांधणी करताना लायब्ररीवाल्यानं मुखपृष्ठ उडवलेलं, त्यामुळं वर नुसता खाकी पुठ्ठा. डोंगराळ मलेनाडातलं गाव. शाळेत शिकवणारी शारदम्मा. तिच्या घरात राहणारा मुरली सकाळी सुपारी वाळवायच्या शेडमध्ये मेलेला सापडतो. इन्स्पेक्टर येतो. सगळ्यांना एकच कोडं: घर पन्नास पावलांवर असताना हा पोरगा रात्री शेडमध्ये कशाला गेला? शारदम्माला कारण माहीत आहे. तिनं कडी लावली होती. पण ती सांगत नाही. ती सांगत नाही म्हणून इन्स्पेक्टर बागेतल्या चन्ना नावाच्या गड्याला धरतो, आणि चन्ना मार खातो.

इथंपर्यंत ठीक. पण ताटाच्या दिवसापासून गोदावरीबाईंचा कान टवकारला.

दुसऱ्या दुपारी वनजा वाचत होती: "शारदम्मा मुरलीच्या खोलीत गेली. खुंटीवर त्याचा शर्ट होता. तिनं तो हातात घेतला, आणि... आणि मग धोब्याला टाकला."

"धोब्याला?"

"होय."

"मेलेल्या भाडेकरूचा शर्ट धोब्याला?"

"स्वच्छतेची आवड असते की एकेकाला."

गोदावरीबाईंना एक ऐकू आलं होतं. पुस्तकातलं वाचताना वनजाची वाक्यं लांबलचक असायची. मधेमधे पुस्तकी कन्नड शब्द तसेच घरंगळत यायचे, 'पण'च्या जागी 'आदरे' यायचं, क्रियापदापाशी ती जराशी अडखळायची. आणि "मग धोब्याला टाकला" हे कसं, फोडणीत कढीपत्ता टाकल्यासारखं आलं. आखूड, घरातलं, न अडखळता. ते पुस्तकातलं नव्हतं, स्वयंपाकघरातलं होतं.

त्यांनी मग खेळच मांडला. डोळे मिटून ऐकायचं आणि मनात खूण करायची: हे पुस्तकाचं, हे वनजाचं. "शारदम्मा विहिरीच्या काठावर बसून पहाट होईस्तोवर चिखलातल्या पायांच्या खुणांकडे बघत राहिली," पुस्तकाचं. "तिला सर्दी झाली होती म्हणून डोळे लाल," वनजाचं. "तिच्या मनात पापप्रज्ञे अशी रुतून बसली होती की घास गिळताना," पुस्तकाचं.

"थांब. पापप्रज्ञे म्हणजे आपल्यात काय म्हणायचं?"

वनजा विचारात पडली. "आपल्या हातून पाप झालं असं सारखं आतून वाटत राहतं ना, ते."

"ते कळलं. घरात काय म्हणतो आपण?"

"घरात..." वनजानं पानावर बोट ठेवलं. "घरात कुठं म्हणतो आपण, आत्याबाई."

"हं. आणि एवढं सगळं तिला भाडेकरूसाठी होतंय."

"पुढं वाचू का नको?"

"वाच, वाच."

वनजा वाचू लागली, पण आता मोठमोठ्या उड्या पडत होत्या. एक पान उलटल्याचा आवाज आला आणि कथा तीन दिवस पुढं गेली. इन्स्पेक्टर "घरातल्या सगळ्यांना" परत बोलावतो, असं तिच्या तोंडून निघून गेलं. घरात सगळे कोण? शारदम्मा विधवा, भाडेकरू मेला. मग सगळे म्हणजे कोण, तिची मांजर? गोदावरीबाईंनी ओठ घट्ट मिटले. त्यांना मजा वाटत होती, आणि मजेच्या खाली एक भीती. कितीतरी महिन्यांनी त्यांना कशाचा तरी छडा लावावासा वाटत होता. भूक लागावी तसं ते वाटत होतं.

डोळे चालत नव्हते. पण फोन होता.

वनजा भाजीला बाहेर पडली, तशी गोदावरीबाईंनी लायब्ररीला फोन लावला. आकडे बोटांना पाठ. लायब्ररीवाला अनंतकृष्ण त्यांना टेलिफोन अम्मा म्हणायचा. बोलणं कन्नडमध्ये झालं.

"अनंतकृष्ण, ते खाकी पुठ्ठ्याचं, शारदम्माचं पुस्तक आहे ना."

"हो अम्मा. संपलं?"

"संपलं नाही. एक विचारायचंय."

"शेवट सांगणार नाही बघा. एकाला सांगितला तर उद्या माझं दुकान बंद."

"मारलं कुणी ते नको सांगू. मेलं कोण ते सांग."

पलीकडे तो हसला. "काय अम्मा, ते तर पहिल्याच प्रकरणात आहे. मुरली."

"मुरली शारदम्माचा कोण?"

"कोण म्हणजे? मुलगा. लेखिकेनं प्रकरणाच्या अगदी शेवटच्या ओळीपर्यंत लपवून ठेवलंय ते. लोक तिथंच पुस्तक मिटतात, मग परत उघडतात. धाकटा मुलगा तो."

सगळ्यात आधी, अगदी क्षणभर, गोदावरीबाईंना आपला अंदाज बरोबर निघाल्याचा आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला.

"धाकटा म्हणालास. म्हणजे थोरलाही आहे?"

"आहे की. सगळं तर त्याच्यावरच..." तो एकदम थांबला. "बेडा अम्मा, नको. मी काही बोललो नाही."

"त्या रात्री घरात होता का तो?"

"अम्मा, तुम्ही वाचताय की पोलीस चौकीतून बोलताय?"

"बरं, ठेव."

फोन ठेवून त्या तिथंच स्टुलावर बसल्या. मुलगा भाडेकरू झाला, हे समजलं. सुनेनं सासूला जपलं. आईसमोर विषय नको, तर पुस्तकातही नको. पण थोरला भाऊ? एवढ्या पानांत त्याचं नावसुद्धा आलं नव्हतं. वनजानं त्याला बदलला नव्हता, मुळापासून उपटून टाकला होता. पुस्तकातल्या थोरल्या भावानं गोदावरीबाईंचं काय घोडं मारलं होतं? त्याचं नाव ऐकून त्यांचं बीपी का वाढावं?

वनजा आली, हातपाय धुऊन अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायला बसली. गोदावरीबाई भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात गेल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या. एक शेंग उचलली. शेंग सोलायला डोळे लागत नाहीत.

"थोरला कुठं गेला गं?"

"ऑफिसला. कुठं जाणार?"

"जगन्नाथ नव्हे. शारदम्माचा."

वनजाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मुरलीला भाडेकरू केलास, ते माझ्यासाठी केलंस. त्याबद्दल मी तुला बोलत नाही. तुला तरी काय, घरात जे चाललंय तेच तू पुस्तकात चालवलंस. पण थोरल्याला का मारलंस? तो तर त्यात जिवंत आहे."

"कुणी सांगितलं?"

"ते सोड. काय करतो तो पुस्तकात?"

वनजानं पदरानं नाक पुसलं. मग तिच्या तोंडून आलं ते सगळं एकदम आलं. पहिल्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत 'मगा', म्हणजे मुलगा, हा शब्द दिसला आणि तोंडातून भाडेकरू निघून गेलं. तिनं ठरवून केलं नव्हतं. मग ते निस्तरता निस्तरता जीव नकोसा झाला. रोज सकाळी डाळ शिजताना ती पुढचं प्रकरण चोरून वाचून ठेवायची, कुठं काय गाळायचं ते ठरवायची, दोनदा डाळ करपली. आणि पाचव्या प्रकरणात तो थोरला आला.

"मुरली येऊन दार वाजवतो, आत्याबाई. दोनदा वाजवतो. शारदम्माला डोळा लागलेला असतो. थोरला जागा असतो. त्याला ऐकू येतं."

"मग?"

"थंडी असते. म्हणतो, आई उठेल. कूस बदलतो."

"आणि?"

"आणि काय. सांगतच नाही कुणाला. आई कडीपायी झुरून झुरून काडी होते, आपणच पोराला मारलं म्हणते. आणि हा समोर बसून तिच्याबरोबर जेवतो, तिला गोळ्या देतो, लोकांना सांगतो की आईसमोर विषय नको..."

वनजा तिथंच थांबली. पुस्तकातलं कुठं संपलं आणि घरातलं कुठं सुरू झालं, ते तिचं तिलाच उशिरा कळलं.

गोदावरीबाईंचं बोट शेंगेच्या शिरेवरून वर गेलं, खाली आलं. एक्स्चेंजमध्ये पाळ्यांची आखणी करताना दुसरा शनिवार म्हणजे डोकेदुखी असायची. सरकारी कचेऱ्या बंद, एक्स्चेंजमधल्या बायकांचे नवरे घरी, मग ह्यांना रजा हव्यात. ज्यांना आयुष्यभर दुसरा शनिवार विसरता आला नाही, त्या तो एकदाच विसरल्या. कारण त्या दिवसाकडं त्यांनी पांघरूण ओढणाऱ्या आपल्या हातापलीकडं कधी बघितलंच नव्हतं.

"साखरपुडा बारा तारखेला होता," त्या म्हणाल्या. "शनिवारी."

वनजा परत शेंगा सोलू लागली. दाणे सालींच्या ढिगात टाकत होती आणि साली पातेल्यात.

"त्याची सरकारी कचेरी बंद होती. कुठं होता तो?"

"ते त्यांना विचारा. मी सांगणार नाही."

"तुला माहीत आहे."

"माहीत आहे. एकदा बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते, तेव्हा मी दार ठोकून ठोकून उघडायला लावलं. तेव्हापासून माहीत आहे. माझ्याकडून वचन घेतलंय. पुस्तकात ते यायला लागलं, तर मी काय करू? तुम्हाला झेपेल न झेपेल, त्यांना झेपणार नाही, आत्याबाई."

"मला झेपतं की नाही, हे ह्या घरात कुणी विचारलं का कधी?"

"नाही," वनजा म्हणाली. "मीही नाही विचारलं."

संध्याकाळी जगन्नाथराव आला. कचेरीत हेडक्लार्क, घरात कलेक्टर. बूट काढता काढता त्यानं खोलीतली शांतता हुंगली. टीपॉयवर खाकी पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. आई खुर्चीत, बायको दारात.

"काय झालं?"

"काही नाही. तू वाच," गोदावरीबाई म्हणाल्या.

"काय वाचू?"

"हे. वनजाचा घसा बसलाय."

वनजाचा घसा बसलेला नव्हता. जगन्नाथरावानं पुस्तक उचललं, मधलंच एक पान उघडलं, चार ओळी वाचल्या. मग मागं गेला. मग बायकोकडं बघितलं.

"हे कुणी आणलं घरात?"

"अनंतकृष्णानं चांगलं आहे म्हणून दिलं," वनजा म्हणाली.

"उद्या परत कर. आई, असलं कशाला ऐकायचं? डिटेक्टिव्हच हवं तर दुसरी ढीगभर आहेत. मी आणतो उद्या. तुझं बीपी..."

"माझं बीपी माझं आहे. तू ते तुझ्यासाठी वापरू नकोस."

त्यानं पुस्तक खाली ठेवलं. "म्हणजे काय?"

"माझा मुलगा मेला, जगन्ना. तो भाडेकरू नव्हता. सामान उचललं, खोली धुतली, संपलं, असं नव्हतं त्याचं. त्याचं नाव सयाजी होतं. मी त्याला झोपेतून उठवला. पांघरूण ओढून उठवला. हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, गल्लीतल्या दूधवाल्याला माहीत आहे. मग तू एवढी वर्षं हे कुणापासून लपवतोयस?"

सयाजीचं नाव घरात इतक्या मोठ्यानं घेतलं गेलं की वनजानं दाराची चौकट धरली. काही झालं नाही. छत पडलं नाही, कोणाचं बीपी चढलं नाही. समोरच्या घरात टीव्हीवर बातम्या चालू होत्या त्या चालूच राहिल्या.

"आई, तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"झाला. आता वाच. वनजा, पान काढून दे."

वनजानं पुढं होऊन पान काढलं. पान बरोबर निघालं, कारण ते तिनं रोज सकाळी डाळीसमोर उभं राहून वाचलं होतं. जगन्नाथराव खुर्चीच्या कडेवर बसला. त्याला कन्नडचं मराठी करायची सवय नव्हती. लहान मुलानं तोंडी हिशेब करावा तसा एकेक शब्द ठेवत तो वाचू लागला.

"दार... वाजलं. आधी हळू. थोरल्यानं डोळे उघडले. अंधारात... अंधारात त्याला पुन्हा आवाज आला, आणि बाहेर मुरलीचं कुजबुजणं. अण्णा. अण्णा, दार काढ." त्यानं पुस्तक डोळ्यांजवळ आणलं. "उठायला हवं, असं त्याच्या मनात आलं. पण कांबळ... कांबळ उबदार होतं. आई उठेल, असं तो स्वतःशी म्हणाला. आई रोज उठते. त्यानं कूस बदलली. पावलं दूर गेली."

तो पुढची ओळ वाचेना.

गोदावरीबाई डोळे उघडे ठेवून त्याच्याकडं बघत होत्या. त्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता एक करडा डाग आणि त्याच्यावर खिडकीचा उजेड. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, डोळे दुखतात, चष्मा बदलायला हवा. त्यांनी नुसतं थांबायचं ठरवलं, आणि थांबल्या. वनजा एकदा हलली, तर त्यांनी हातानं तिला गप केलं.

"मॅच होती, आई."

वनजा दारातून पुढं आली आणि पानाकडं बघायला लागली. पानावर मॅच नव्हती, हे सांगायची कुणाला गरज नव्हती.

"तिरुमलरावाच्या घरी. त्यानं मोठा टीव्ही घेतला होता. आम्ही चौघं ठरवून... मी तुला म्हणालो, ऑफिस आहे. मला वाटलं, सयाजी नाही म्हणेल. रात्रपाळीचा माणूस, तो सरळ नाही म्हणेल आणि तू बसनं पाठवशील कुणाच्या तरी हाती. तो नाही म्हणाला नाही. मी टीव्हीसमोर होतो तेव्हा फोन आला."

बोलून झाल्यावर तो पुस्तक दोन्ही हातांनी धरून बसला, जणू कोणी काढून घेणार होतं.

गोदावरीबाईंना वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपल्याला राग येईल. इतका येईल की हातात असेल ते फेकून मारू. राग आला, पण वाटला होता तेवढा मोठा नव्हता. आपला भार थोडा त्याच्याकडं जाईल, असंही त्यांना दुपारी शेंगा सोलताना वाटलं होतं. तो कणभरही गेला नाही. पांघरूण ओढणारा हात त्यांचाच होता, तो त्यांचाच राहिला. फक्त त्या खोलीत आता दुसरं कोणीतरी बसलेलं होतं. आणि त्यांना, त्याही वेळी, जाणून घ्यायची इच्छा झाली.

"कुणाची मॅच?"

जगन्नाथरावानं मान वर केली. "अं?"

"कुणाची होती? कोण खेळत होतं?"

कपाळाला आठ्या पडल्या. तो खरोखर आठवत होता.

"आठवत नाही."

"जिंकलं कोण?"

"आठवत नाही, आई." आणि आता तो रडायला लागला, पन्नाशीचा हेडक्लार्क, नळबिळ काही न सोडता, बायको समोर उभी असताना.

गोदावरीबाईंनी त्याला गप केलं नाही. रडू दिलं. वनजानं पाणी आणलं, ते त्यानं निम्मं सांडलं, निम्मं प्यायला. समोरच्या घरातल्या बातम्या संपल्या आणि जाहिराती लागल्या.

"झालं?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

त्यानं मान हलवली. त्यांना ती दिसली नाही, म्हणून तो म्हणाला, "झालं."

"मग पुढं वाच. तो चन्ना अजून जेलमध्ये मार खातोय. हा थोरला इन्स्पेक्टरकडे जातो का नाही, ते बघू दे मला."